दुपारची मुकी सिरियल

"चोर मीच आहे," खुर्चीत बसता बसता मुलगी म्हणाली. "तसं ठरलंय. माल कुठे लपवलाय तेवढं मला माहीत नाही. ते तुम्ही शोधून द्या."

बाजीराव अहिरे यांनी चष्मा पुसला. पर्वत पाटिया भागात एका लेसच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. दारावर पाटी होती : 'खासगी तपास. जिना सांभाळून.' बमरोलीच्या एका मिलमध्ये त्यांनी चोवीस वर्षं कापडाचे ताके तपासले होते. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकायचं आणि तुटलेला धागा दिसला की ते खडूने खूण करायचे. निवृत्तीनंतर नजर शिल्लक राहिली. तिचं काहीतरी करायला हवं होतं.

"हिनेच केलंय," कोपऱ्यातून धुडकू म्हणाला. धुडकू त्यांचा साडू. रिक्षा चालवायचा आणि गुन्हा काय आहे ते कळायच्या आत गुन्हेगार सांगायचा.

"ते मी आत्ताच सांगितलं, काका," मुलगी म्हणाली.

तिचं नाव स्वप्ना सपकाळे. वडील राकेश, रेल्वेत. भेस्तानला योगराज पाटलांकडे ती त्यांच्या आईला सांभाळायला जायची. अंघोळ, जेवण, औषध, सगळं. म्हातारीची सोन्याची पोत पेटीतून गेली होती. नात गायत्रीच्या साखरपुड्यात ती पोत तिच्या गळ्यात घालायची होती.

"मंगळवारी संध्याकाळी पेटीत होती. गुरुवारी सकाळी नव्हती. पेटीचं कुलूप शाबूत, किल्ली आजींच्या गळ्यात. अंघोळ मी घालते, म्हणजे किल्ली मीच काढली, असं त्यांचं म्हणणं. आज सहा वाजेपर्यंत आणून दे, नाहीतर पोलिसात जातो म्हणाले."

"आणि पोलिसात गेले तर?"

"एक तारखेपासून मला हॉस्पिटलमध्ये नर्सिंगच्या ट्रेनिंगला घेतलंय. पोलिसांचा दाखला लागतो. आमच्या अख्ख्या गल्लीत पहिलीच आहे मी."

बाजीरावांनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

"धुडकू, रिक्षा काढ."

---

भेस्तानच्या त्या सोसायटीत चाळीस घरं होती आणि चाळीसही एकसारखी. तोच ओटा, तोच लोखंडी दरवाजा, तीच पिस्ता रंगाची भिंत. योगराज पाटील स्वतः दोनदा शेजाऱ्याच्या हॉलमध्ये चपला काढून बसले होते. एकदा तर त्यांनी चहाही मागितला होता आणि तो मिळालाही होता.

स्वप्ना ओट्यावरच थांबली. आत बोलावलं नव्हतं.

हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर सोनेरी नक्षीच्या चौकटीत रुंद आरसा होता, कॉटवर बसूनही दिसावा म्हणून खाली टांगलेला, वरची कड जेमतेम खांद्याशी. धुडकूने वाकून त्यात पाहत केस नीट केले. योगराजने रिमोट दाबला आणि धुडकूच्या पोटातून भाज्यांचे भाव सांगणारी बाई उगवली. धुडकू दोन पावलं मागे सरला.

"टीव्ही आहे," योगराज म्हणाले. त्यांचं एम्ब्रॉयडरी मशीनचं खातं, म्हणजे छोटा कारखाना होता, आवाज कायम मशीनच्या वरचा. "बंद असला की आरसा. बारा दिवस झाले बसवून. गायत्रीच्या सासरचे येणार, म्हटलं हॉलला जरा रुबाब हवा."

बातम्या देणाऱ्या बाईच्या खांद्यावर मरून रंगाची टिकली होती. योगराजची बायको चंचल पुढे झाली आणि तिने ती नखाने काढून स्वतःच्या कपाळावर लावली.

"सवय हो. अंघोळीला जाताना काढते आणि आरशाला चिकटवते. परवा क्रिकेटच्या पंचाला लागली होती. बिचारा दिवसभर तसाच उभा."

बाईच्या प्रत्येक वाक्यामागे बारीक झिर्र आवाज येत होता, डब्यात मोहरी हलावी तसा.

"हा आवाज?" बाजीरावांनी विचारलं.

"बुधवारी संध्याकाळपासून. कंपनीचा स्पीकर खराब. नितीन नावाचा फिटर आहे, आज सहाला येऊन पीस काढून नेणार, दुसरा देणार."

"सहाला बरंच काही आहे तुमच्याकडे."

टीव्हीच्या बरोबर समोरच्या भिंतीला लागून लोखंडी कॉट होती. तिच्यावर योगराजची आई सोनाबाई बसली होती. पांढरं पातळ, पदराचं टोक तोंडावर धरलेलं, मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. डोळ्यांत मोतीबिंदूची साय, आणि कान असे की जवळून बोललं तरच ऐकू येतं. कॉटखाली पत्र्याची पेटी, शेजारी चार पायांचा वॉकर.

"दात काढल्यापासून पदर सोडत नाही," योगराज म्हणाले. "लाजते."

"टीव्ही आवडला का त्यांना?"

"तिला नुसतं टीव्ही म्हणून सांगितलंय. आरसा आहे म्हटलं असतं तर तोंड फिरवून बसली असती. वडील गेले तेव्हापासून आरशात बघत नाही. कपाळावर लावायचं काही राहिलं नाही, मग बघायचं कशाला, असं म्हणते. एकतीस वर्षं झाली."

"एकतीस," बाजीराव म्हणाले आणि खिशातून खडू काढून परत आत ठेवला. जुनी सवय होती.

---

त्यांनी एकेकाला विचारलं. जागा स्वयंपाकघर, कारण तिथे दार होतं.

चंचल आधी आली. "आम्ही तसलं काही मानत नाही हो. स्वप्ना म्हणजे घरच्यासारखी. तिचा कप आम्ही वेगळा... म्हणजे, स्वच्छ ठेवतो."

ओट्याच्या खिडकीत एक कप उलटा घालून ठेवला होता. एकटाच. बाजीरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चंचलने फडक्याने तो झाकला.

"बुधवारी दुपारी घरात कोण होतं?"

"स्वप्ना दीडला क्लासला जाते, तीनला येते. हे खात्यावर. मी आणि गायत्री वरच्या खोलीत साड्यांना स्टोन चिकटवत होतो. पंखा लावता येत नाही, स्टोन उडतात. दार लावून बसतो."

"बाहेरून कोणी आलं?"

"खाली जाळीला आतून कडी. स्वप्ना आली की बेल मारते, मीच खाली येऊन उघडते."

"मग त्या दीड तासात खाली माय एकटी."

"एकटी म्हणजे झोपलेली. ती एकटी कुठे उठते? मोरीत जायला पण माणूस लागतं."

"आणि टीव्ही?"

"दुपारी कोण लावणार? बंदच."

मग गायत्री आली. तिच्या नखांवर चमकीचे कण होते.

"अंकल, खरं सांगू? मला ती पोत नकोच होती. एकदम हेवी छे. पण नको म्हणजे चोरीला जावी असं नाही ना. मंगळवारी आजीने स्वतः दाखवली. पेटी उघडताना ती अशी..." गायत्री फरशीवर बसली आणि हनुवटी गुडघ्याला लागेल इतकी वाकली. "मला नेहमी वाटतं, पेटीला नमस्कारच करतेय. मग परत नमस्कार, की कुलूप बंद. आई म्हणाली, पोत वितळवून नवी डिझाईन करू. आजी नुसती टीव्हीकडे बघत बसली."

"स्वप्ना कशी आहे?"

गायत्रीने चमकी खरवडली. "तिचा क्लास बुडू नये म्हणून आजी झोपल्याचं नाटक करते. मी पाहिलंय. पण बाबांना कोण सांगणार."

योगराजांनी उभ्या उभ्याच उत्तर दिलं. "मला त्या मुलीचं वाईट करायचं नाही. पण मशीनचा धागा तुटला की सगळ्यात जवळचा माणूस कोण होता तेच बघतात. जवळ ती होती."

"धागा तुटतो तेव्हा आम्ही कापड उलटं करून बघायचो," बाजीराव म्हणाले. "चूक मागच्या बाजूला दिसते."

योगराजांना वाटलं, ही म्हण असावी.

---

सोनाबाईंसाठी चहा आला. बाजीराव कॉटजवळ फरशीवर बसले. धुडकूही बसला.

"कोना पोऱ्या शे हाऊ?" सोनाबाईंनी धुडकूकडे बोट दाखवलं. धुडकूला पंचावन्न वर्षांत इतकं बरं कोणी बोललं नव्हतं.

"मना साडू शे, माय," बाजीरावही अहिराणीवर आले. "टीव्ही कसा शे नवा?"

"चांगला शे. पन दुपारनी सिरियल लई हळू चालस."

"कोणती सिरियल?"

"माले नीज लागाले पाहिजे म्हनीसन आवाज बंद करतस. मुकीच चालस. एक बाई शे तिनामा. नुसती बठी राहस. तिना घर कोनी येत नही, तिले कोनी काही इचारत नही." त्यांनी पदराचं टोक तोंडावर आणखी घट्ट धरलं. "हनुवटीवर हिरवी टिकली शे तिले. गळा उघडा. माले कीव येस तिनी."

"आणि माय, तुमची पोत?"

"जिले लागत व्हती तिनाकडे गयी."

योगराज बाजूलाच उभे होते. "दोन दिवस हेच चाललंय. देवाधर्माचं बोलते."

सोनाबाईंनी पदर सोडला, चहा बशीत ओतला आणि फुर्र करून प्यायल्या. बाजीराव बशी रिकामी होईपर्यंत त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "माय, किल्ली देखू?"

किल्ली काळ्या दोऱ्यात होती. दोरा गळ्याला इतका जवळ की बाजीरावांची दोन बोटं जेमतेम आत गेली. गाठ तेला-घामाने दगड झालेली. ती त्यांनी खिडकीतून येणाऱ्या उजेडात नीट पाहिली आणि म्हातारीला नमस्कार केला.

तिथून ते टीव्हीखाली गेले आणि उकिडवे बसले. पांढऱ्या टाइल्सवर चार करड्या गोल खुणा होत्या. बुधवार सकाळनंतर तिथली फरशी पुसलेली नव्हती, कारण पुसणारी गुरुवारी सकाळीच चोर ठरली होती.

धुडकूने त्यांना ओट्यावर ओढलं. स्वप्ना तिथेच पायरीवर पुस्तक वाचत बसली होती.

"साडूभाऊ, सुटलं," धुडकू कुजबुजला. "दुपारी टीव्ही बंद. म्हणजे आरसा. म्हातारीने आरशात चोर बघितला आणि तिला वाटलं सिरियल. आणि हनुवटीवरची टिकली म्हणजे काचेला चिकटवलेली टिकली. ज्याची हनुवटी टिकलीच्या रेषेत येते तो चोर. सगळ्यांना उभं करून मापं घेऊ."

"निम्मं बरोबर आहे," बाजीराव म्हणाले.

धुडकूला याआधी कधी निम्मंही मिळालं नव्हतं. तो पायरीवर बसला.

"पण चंचलची टिकली मरून आहे. माय हिरवी म्हणाली."

"मोतीबिंदू आहे तिला."

"मोतीबिंदूत मरून हिरवं होत नाही. आणि चोर आला तर बसून राहतो का? ती बाई बसून राहते. रोज." ते स्वप्नाकडे वळले. "बाळा, माय एकटी उठते?"

"वॉकर धरून सगळीकडे जातात. मी सांगितलं होतं त्यांना. वरच्या खोलीत वॉकरचा आवाज कधी आला नाही म्हणाले, म्हणून त्या उठत नाहीत असं ठरलं."

---

पावणेसहाला नितीन आला. हातात पाना, खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर आधीच तक्रार.

"काका, एमां मारो शुं वांक? बसवल्यापासून मी इथे पाय ठेवला नाही. फोनवरच सांगितलं, पीस बदलून देऊ."

"तुझा काही दोष नाही. थोडं थांब." बाजीरावांनी स्वप्नाला आत बोलावलं. कोणी नको म्हणालं नाही. सोनाबाई चहा पिऊन कॉटवर घोरत होत्या.

"पोत स्वप्नाने घेतली नाही," बाजीराव हळू आवाजात म्हणाले. "घेऊच शकत नव्हती. किल्लीचा दोरा गळ्याला घट्ट आहे, डोक्यावरून निघत नाही. गाठ कित्येक वर्षांत सुटलेली नाही. दोरा तोडला असता तर नवा दिसला असता. म्हणजे किल्ली कुलपापर्यंत न्यायची तर माय पण न्यावी लागते. गायत्री म्हणाली तसं, पेटीला नमस्कार घालावा लागतो. तो नमस्कार एकच माणूस घालतं."

सगळ्यांनी कॉटकडे पाहिलं.

"पोत नेणाऱ्याने पेटीला परत कुलूप लावलं. घाईतला चोर एवढं करत नाही. पेटी ज्याची आहे त्याचा हात ते आपोआप करतो."

"पण मायने स्वतःचीच पोत कशाला..." योगराज म्हणाले.

"सांगतो. तुम्ही तिला सांगितलं, हा टीव्ही आहे. खोटं नाही. पण दुपारी हा आरसा असतो, ते सांगितलं नाही. बारा दिवस रोज दुपारी ती समोर बघते. तिथे एक बाई कॉटवर बसलेली. खोली अशीच, पण त्यात नवल काय? या सोसायटीत सगळ्यांच्या खोल्या अशाच. तुम्ही स्वतः फसलात, तुमची नजर तर धड आहे. आवाज नाही, तर तिला वाटलं, झोप लागावी म्हणून बंद केलाय."

"पण स्वतःला ओळखणार नाही?" चंचल म्हणाली.

"शेवटचं पाहिलं तेव्हा दात होते, केस काळे होते आणि कपाळावर कुंकू होतं. त्याला एकतीस वर्षं झाली. मधली बाई तिने कधी बघितलीच नाही. एकटी असली की पदरही धरत नसणार, कारण लाजायचं कोणाला? आज चहा पिताना मी पाहिलं. तिच्या हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका आहे."

नितीनने पाना खाली ठेवला.

"तुम्ही पोत वितळवायचं बोललात. माय टीव्हीकडे बघत बसली. तिथे एक बाई, गळा उघडा, कोणी विचारत नाही. बुधवारी दुपारी स्वप्ना क्लासला गेली. माय उठली, पेटी उघडली, परत लावली आणि वॉकर धरून टीव्हीपर्यंत गेली. त्या चार खुणा वॉकरच्या रबराच्या आहेत. ती बाईही उठून तिच्याजवळ आली. अगदी समोर. मग मायने तिच्या गळ्यात पोत घातली."

"कशी?" धुडकूने विचारलं. "काच आहे."

"फोटोला हार घालतो तशी. चौकटीच्या वरच्या कडेवरून, ती तिच्या हाताला येते. अर्धी पुढे, अर्धी मागे, म्हणजे बरोबर गळ्याशी येते. सोनं जड. मागे घसरलं. पोत दिसेनाशी झाली, तिला वाटलं, बाईने घेतली. जिला लागत होती तिच्याकडे गेली. ती देवाधर्माचं बोलत नव्हती, योगराजभाऊ. पत्ता सांगत होती."

मग धुडकूच म्हणाला, "आणि तो झिर्र आवाज..."

"बुधवारी संध्याकाळपासून. आता पूर्ण बरोबर आहेस. नितीन, काढ."

नितीनने चार स्क्रू सोडले. टीव्ही भिंतीपासून वीतभर सरकला आणि मागून पोत फरशीवर पडली. आवाज फार झाला नाही. मोठं काही पडल्यासारखं मात्र सगळे तिच्याकडे पाहत राहिले.

चंचल स्वयंपाकघरात गेली. कपांचा आवाज आला. ती ट्रे घेऊन परतली तेव्हा सगळे कप एकाच नक्षीचे होते. स्वप्नाला तिने पहिला दिला आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"साखर कमी आहे," स्वप्ना म्हणाली. चंचलला ते फार सोपं करून दिल्यासारखं वाटलं. तसं ते होतंच.

"दाखल्यासाठी मी येतो तुझ्याबरोबर," योगराज जमिनीकडे पाहत म्हणाले.

"नको काका. तुम्ही आलात तर विचारतील, का आलात. गल्लीत सांगा. चोर म्हणून सांगायला वेळ लागला नव्हता, हेही लवकर होईल."

"आजच सांगतो. घरोघर." योगराजचा आवाज पहिल्यांदाच मशीनच्या खाली आला होता.

सोनाबाई जाग्या झाल्या. गायत्रीच्या हातात पोत दिसली तशा उठून बसल्या आणि त्यांनी डोळे बारीक केले.

"तिले आवडनी नही का?"

योगराज पुढे झाले. "माय, तो टीव्ही नाही गं, तो..."

स्वप्नाने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या घरात तिने आजवर कोणालाही असं थांबवलं नव्हतं.

"आवडली, आजी," ती म्हणाली. "पण नातीला द्या म्हणाली."

"असं बोलनी? मुकी शे ना ती."

"खुणेनं सांगितलं."

सोनाबाईंनी विचार केला. "समजदार शे," त्या म्हणाल्या. "वितळवू नको म्हननी का?"

स्वप्नाने चंचलकडे पाहिलं.

"नाही वितळवणार, माय," चंचल म्हणाली.

नितीनने टीव्ही परत टांगला, लावून पाहिला आणि बंद केला. आता झिर्र नव्हतं, त्यामुळे त्याला नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्वप्ना कॉटवर बसून म्हातारीची वेणी घालू लागली. गायत्रीने पोत गळ्यात घातली आणि आजीच्या दुसऱ्या बाजूला बसली. योगराज, चंचल मागे येऊन उभे राहिले. कोणी तसं ठरवलं नव्हतं.

धुडकूने सवयीने रिमोट उचलला. बाजीरावांनी तो हळूच काढून घेतला.

सोनाबाई समोर पाहत होत्या. पाहता पाहता त्यांचा पदराचा हात खाली आला आणि त्या दात नसलेल्या तोंडाने हसल्या.

"आज तिना घर मानसे उनात," त्या म्हणाल्या.